ओटीवरचा व्यायाम

गेल्या आषाढांत एके रात्रीं जेवण आटोपून पाटावरून उठतांना आम्हांस हात भुईला टेकावा लागला आणि तरीहि उठवेना. शेवटीं नातवानें हात दिला. तीस वर्षें मुलांस व्यायामाचें महत्त्व सांगणाऱ्या मास्तरांची ही अवस्था पाहून घरांत कोणी हंसलें नाहीं, हेंच आम्हांस अधिक लागलें.

कारण उघड होतें. रत्नागिरींत पाऊस लागला कीं मांडवीच्या किनाऱ्यापर्यंतचा आमचा फेरा बंद पडतो, तो दसऱ्यापर्यंत. खंडाबरोबर पायांतील बळहि जातें.

याच गांवीं १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यांत घालविलें व परीक्षेवर पाणी सोडलें, ही हकीकत आम्ही वर्गांत मोठ्या हौसेनें सांगत असूं. पण संसारी माणसानें वर्ष कोठून आणावें? त्यास औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांचा मार्ग जवळचा. त्यांनीं सूर्यनमस्कार स्वतः नित्य घातले व संस्थानांतील शाळांतून चालू केले. साधन काय, तर एक सतरंजी!

संवय जडते कशी, याची लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ जणांवर केलेली पाहणी २०१० सालीं छापली गेली. रोजच्या ठराविक कृतीस जोडलेली नवी गोष्ट अंगवळणी पडण्यास कोणास १८ दिवस, तर कोणास २५४ दिवस असा अंदाज निघाला. मधला आंकडा ६६. एखादा दिवस चुकल्यानें विशेष बिघडत नाहीं, हेंहि त्यांत दिसलें. आमच्याकडे नेम एक दिवस मोडला कीं उद्यापनावांचूनच संपतो!

आम्हीं दांत घासणें व चहा यांमधली वेळ धरली. खुर्चीवरून हात न लावितां दहा वेळां उठणें, भिंतीस तळवे टेकून दहा रेटे, खांब धरून टांचा उचलणें. प्रारंभीं पांचच मिनिटें. चिरंजीव व नातू शेजारीं नमस्कार घालतात. आमचे गुडघे पाहून डॉक्टरांनीं आम्हांस त्यांतून सूट दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रम सांगितले आहेत. आमचीं पांच मिनिटें तेथवर पोंचत नाहींत. परंतु मुळींच नसण्यापेक्षां थोडें बरें, असेंहि तीच संघटना म्हणते.

एक गोष्ट मात्र ध्यानांत उशिरां आली. आम्ही तिघे ओटीवर, आणि सूनबाई चहाच्या आधणापाशीं. "बायकांचा व्यायाम घरकामांत होतोच," असें आम्ही बोलून गेलों. त्या शांतपणें म्हणाल्या, "मग उद्यांपासून आपण घरकामच करावें, मामंजी, ओटी मोकळी होईल."

दुसऱ्या दिवसापासून आधण चिरंजीव ठेवितात. चहा पाणचट होतो. सूनबाईंचे नमस्कार काल बारा झाले. आम्हांस पाटावरून उठतांना अद्याप हात टेकावा लागतो, पण गुडघ्यावर; भुईला नाहीं.