दोनशिक्षकी शाळेचे गणित

मराठवाड्यातील शिक्षणाचा विषय निघाला की 'लातूर पॅटर्न'चे गुणगान प्रथम होते. दहावी-बारावीच्या परीक्षांतील ते यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु लातूरचे जळकोट-देवणी आणि नांदेडचे किनवट-माहूर या तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांकडे त्या कौतुकाच्या भरात कोणी पाहत नाही.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीपर्यंत साठ मुले असतील, तर दोन शिक्षक पुरेत. तीस मुलांमागे एक गुरुजी, हे प्रमाण कागदावर उत्तमच! परंतु इयत्ता पाच आणि शिक्षक दोन. एकाने एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळावयाच्या. सहकारी निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही. त्यातून किनवटकडे काही मुलांच्या घरी गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोली. पुस्तक मात्र प्रमाण मराठीचे.

या शाळांसाठी शिक्षक घडविणारी व्यवस्था कशी आहे? या शतकाच्या पहिल्या दशकात खाजगी डी.एड. विद्यालयांचे अमाप पीक आले. नोकरीच्या आशेने शेतकऱ्यांनी पदरमोड करून मुलेमुली तेथे घातली; पुढे भरती आटली आणि अनेक विद्यालये ओस पडली. तेथे शिकविला जाई तो एका इयत्तेचा, एका घटकाचा, टाचणात नीट बसणारा पाठ.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सेवेची पाचांहून अधिक वर्षे उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविले. परीक्षा अवश्य असावी. पण ताप मोजल्याने तो उतरत नाही. एका फळ्यावर तीन इयत्ता कशा शिकवाव्यात, हे परीक्षेच्या पर्यायांतून कोण शिकणार?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी पदविकेसाठी वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक केला आहे. त्यातील निम्मे आठवडे दोनशिक्षकी शाळेतच व्हावेत. तेथे वर्षानुवर्षे निभावून नेणाऱ्या गुरुजींना मार्गदर्शक नेमून त्यांना मानधन द्यावे. प्रशिक्षणार्थींचा प्रवास व निवास शासनाने सोसावा. हा भार त्यांच्यावरच टाकला, तर जवळची, सोयीची शाळाच निवडली जाईल. आणि शेतमजुराच्या मुलीने तसे केले, तर तिला दोष देता येणार नाही.