दिल्लीत एक, तिरुचिरापल्लीत दुसरे

प्रति,
भारतीय कॅथलिक बिशप परिषद, नवी दिल्ली

आदरणीय महागुरुस्वामींनो,

धर्म बदलला तरी दलिताची जात सुटत नाही, हे आपण सरकारदरबारी वर्षानुवर्षे सांगत आला आहात. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशातली धर्माची अट काढा, ही मागणी रास्तच आहे. त्या आदेशात १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना जागा मिळाली, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये अट काढण्याची शिफारस केली, ती धूळ खात पडली. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. ख्रिस्ती समाजात जात आहे का, याचा पुरावा शोधायला आपल्याला मात्र लांब जावे लागणार नाही.

तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत भिंत घातली गेली. अलीकडे सवर्ण कॅथलिकांच्या कबरी, पलीकडे दलित कॅथलिकांच्या. बाप्तिस्मा एकच, मिस्सा एकच, माती वेगळी. गंमत अशी की, १९८२ मध्ये ख्रिस्ती धर्मात जातीला थारा नाही असे परिषदेने जाहीर केले, तेही याच तिरुचिरापल्लीत भरलेल्या सभेत! ठराव भिंतीपर्यंत पोचला नसावा. २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तामिळनाडूच्या बिशपांना समोर बसवून जातिभेदाबद्दल सुनावले. २०१६ मध्ये आपण दलित सक्षमीकरणाचे धोरण छापले. कागदांची टंचाई कधीच नव्हती.

त्याच धोरणाच्या वेळी पुढे आलेले आकडे पाहा. देशात १ कोटी ९० लाख कॅथलिक, त्यांत १ कोटी २० लाखांच्या आसपास दलित. म्हणजे तिघांत जवळजवळ दोघे. मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले. पहिले दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, झाले २०२२ मध्ये. मधली ६९ वर्षे हे दोन तृतीयांश लोक काय करत होते? बहुधा मागच्या बाकावर बसून प्रार्थना.

भिंत पाडता येत नाही, असे कोणी म्हणू नये. तिरुनेलवेलीकडच्या वडक्कनकुळमला १८७२ मध्ये चर्च उभे राहिले ते पायजम्यासारखे: वेदीपाशी जुळणाऱ्या दोन लांब शाखा आणि मध्ये भिंत. एका शाखेत वेल्लाळ, दुसरीत नाडर व इतर. वेदीवरच्या पाद्र्याला दोन्हीकडचे दिसत, त्यांना एकमेकांचे तोंड दिसत नसे. १९१० मध्ये धर्मगुरूंनीच ती भिंत हटवली. वेल्लाळ कोर्टात गेले, तरी मद्रास उच्च न्यायालयाने त्यांचा दावा मानला नाही. ते धर्मगुरू परके होते आणि राज्य इंग्रजांचे होते. आपल्याला तर संविधानाचा आधार आहे.

जातीची भिंत वेळेवर न हटवल्यास काय होते, तेही ठाऊक आहे. २००८ मध्ये तामिळनाडूतल्या एरैयूरच्या दलित कॅथलिकांनी स्वतंत्र धर्मग्राम मागितले, कारण प्रेतयात्राही हमरस्त्याने नेता येत नव्हती. दंगल झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दोघे मेले. भांडणारे दोन्हीकडचे कॅथलिकच, आणि वादाचा विषय चर्चचा रस्ता होता.

आता एकच प्रश्न. चर्चच्या कायद्यातले कलम, कॅनन ९१५, सांगते की, उघड गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्याला ख्रिस्तशरीर देऊ नये. घटस्फोटानंतर दुसरे लग्न केलेल्या बाईला हे कलम चटकन दाखवले जाते. तिने मिस्साला यावे, पण हात पसरू नयेत. मग भिंतीसाठी वर्गणी काढणारा, दलिताची प्रेतयात्रा अडवणारा, त्याच्या जिभेवर दर रविवारी ख्रिस्तशरीर कसे ठेवले जाते? जातिभेद पाप आहे असे आपणच लिहिता. ते गंभीर नाही, की उघड नाही?

आजवर हे कलम जात पाळणाऱ्या कितीजणांना लावले, याचा धर्मप्रांतवार आकडा जाहीर करावा. शून्य असेल तर शून्य लिहावे. आणि मेलपुदूरची भिंत कोणत्या तारखेला पडणार, तेही त्याच कागदावर.

कळावे.