फिनेलच्या वासाने जंतू मरत नाहीत



रुग्णालयात शिरताच फिनेलचा दर्प आला की नातेवाइकांना हायसे वाटते. पण वास आला म्हणजे जंतू मेले असे नाही, आणि हा गैरसमज रुग्णांच्या जिवावर बेततो, म्हणून हे पत्र.

बाटलीवरचा ‘99.9 टक्के’चा दावा प्रयोगशाळेत ठरावीक तीव्रतेला, ठरावीक वेळेत तपासलेला असतो. वॉर्डात काय होते? शहरातल्या एका रुग्णालयात मी पाहिले ते असे: एकाच बादलीत सफाईच्या मावशींनी अख्खा वॉर्ड पुसला. निम्म्यावर येईपर्यंत पाणी मातकट झाले होते. जंतुनाशक औषधही अंदाजानेच ओतलेले, कारण माप दिलेलेच नव्हते. रक्त, पू, मळ असेल तर हायपोक्लोराइट या क्लोरिनयुक्त जंतुनाशकाची ताकद त्यातच खर्ची पडते. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने पुसायचे, मग औषध लावायचे आणि जागा ठरलेला वेळ ओली राहू द्यायची. लगेच कोरडी पुसली तर सगळे वाया. सांडलेल्या रक्तासाठी जागतिक आरोग्य संघटना हायपोक्लोराइटची 0.5 टक्के तीव्रता सांगते. म्हणजे 5 टक्के द्रावणाचा एक भाग, पाणी नऊ भाग. तेही रोज ताजे, कारण ऊन आणि उष्णतेने ते कमजोर होते.

शिवाय एकच औषध सगळीकडे चालत नाही. असिनेटोबॅक्टर हा जंतू खाटेच्या कोरड्या दांड्यावर आठवडेच्या आठवडे तग धरू शकतो. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. स्युडोमोनास हा जंतू तर चुकीच्या पद्धतीने पातळ केलेल्या जंतुनाशकातच वाढल्याचे आढळले आहे.

यावर महागड्या औषधांचे टेंडर काढणे हा उपाय नव्हे. डॉक्टर सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये व्हिएन्नात क्लोरिनयुक्त चुन्याच्या साध्या पाण्याने डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. औषध स्वस्तच होते, शिस्त कडक होती.

मावशींना दोष देण्यात अर्थ नाही. कंत्राटावर, तुटपुंज्या पगारात राबणाऱ्या बाईला माप, हातमोजे आणि प्रशिक्षण कुणी द्यायचे? पुणे महापालिकेने येरवड्यातल्या राजीव गांधी रुग्णालयापासून सुरुवात करावी. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी फलक हवा: कोणते औषध, किती तीव्रतेचे, आज किती वाजता बनवले. स्वच्छ आणि मळक्या पाण्याच्या बादल्या वेगळ्या हव्यात. खाटांच्या दांड्यांचे, नळांचे स्वॅब अधूनमधून तपासून निकाल त्याच फलकावर लावावेत. येरवडा, नागपूर चाळ, विश्रांतवाडीकडची माणसे या रुग्णालयात विश्वासाने येतात. तो फलक वाचायचा त्यांना हक्क आहे.

– एक वाचक, येरवडा, पुणे