वीस वर्षें कोणास लिहून दिलीं?

पैसा हा हाताचा मळ आहे असें म्हणणारे गृहस्थ मुलाच्या लग्नाची याद करावयास बसले म्हणजे तो मळ किती जपतात, हें वाचकांनीं पाहिलें असेलच. द्रव्याची तोंडानें निंदा व मनानें पूजा ही आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाची जुनी खोड आहे. आमचें म्हणणें असें कीं, निंदाही नको व पूजाही नको. द्रव्यास कामाला लावावें, आणि त्यासाठीं आपणांस किती पुरे हें आधीं ठरवावें.

उदाहरण दूर शोधावयास नको. १८८४ सालीं पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें काम करण्याचें बंधन पत्करलें. वेतन दरमहा ७५ रुपये. ही उपासमार नव्हे. पण आगरकरांसारख्या एम. ए. झालेल्या विद्वानास सरकारी नोकरींत याहून पुष्कळ अधिक मिळालें असतें. या मंडळींनीं दारिद्र्य नव्हे, मर्यादा पत्करली, आणि तिच्या मोलानें स्वतःच्या आयुष्यावरची सत्ता विकत घेतली. आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला. १८९१ सालीं गणित शिकविण्यास आलेल्या कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांच्या आश्रमाचें कार्य आरंभिलें.

यांच्यांत वाद नव्हते असें नाहीं. १८९० सालीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले, त्याच्या कारणांत सभासदांच्या बाहेरील मिळकतीचा प्रश्नही होता. म्हणजे 'पुरे' कोठें संपतें हें ठरविणें त्या त्यागी मंडळींसही सोपें गेलें नाहीं. परंतु त्यांनीं तो प्रश्न विचारला तरी. आम्ही तो विचारीतच नाहीं. पगार वाढला कीं दोन खोल्यांच्या चार होतात, आणि त्यांवर वीस वर्षांचें कर्ज चढतें. त्यांनीं आपलीं वीस वर्षें शाळेस लिहून दिलीं. आम्ही तीं बँकेस लिहून देतों!

कोणी म्हणेल, आजारपण, मुलांचें शिक्षण, वार्धक्य यांची तरतूद नको काय? अवश्य हवी, आणि ती प्रथम हवी. आगरकर १८९५ सालीं ऐन एकुणचाळिशींत वारले. अशा वेळीं मागें राहिलेल्यांवर काय प्रसंग येतो हें जाणणारा कोणीही बेफिकिरीचे गोडवे गाणार नाहीं. परंतु आमच्या घरांत तरतुदीच्या नांवाखालीं जें चाललें आहे, त्यांतील कितीसें खरोखर तरतूद असतें? शेजाऱ्याच्या मोटारीहून आपली मोटार मोठी असणें हा वार्धक्याचा विमा नव्हे.

तरतूद झाल्यावर जें उरतें त्यानें फुरसत घ्यावी, ग्रंथ घ्यावे, आईबापांजवळ चार दिवस अधिक राहावें, एखाद्या होतकरू मुलाची फी भरावी. पैसा नसणें हें दुःख आहे, यांत शंका नाहीं. पण पुरेसा असूनही 'पुरे' म्हणतां न येणें हें दारिद्र्यच होय, आणि तें कोणत्याही पगारवाढीनें फिटणारें नाहीं.