वॉचमन टिकत का नाहीत?

वर्षभरात आमच्या सोसायटीतून चौथा वॉचमन सोडून गेला. सभेत निदान झालं, ‘हल्ली माणसंच टिकत नाहीत.’ सभेत मला बोलू दिलं नाही, म्हणून मुद्दे इथे मांडतो.

१. गेलेल्या माणसाचं वय साठीचं. पाचवीतली पोरं त्याला ‘ए वॉचमन’ म्हणत. त्याचं नाव सेक्रेटरींनाही आठवेना.

२. केबिनमध्ये खुर्ची आहे, पण बारा तासांच्या ड्युटीत तो तिच्यावर टेकला रे टेकला की ग्रुपवर फोटो पडायचा. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायका बसायला मिळावं म्हणून भांडल्या आणि २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. गेटवरच्या खुर्चीसाठी आपण विधानसभेची वाट बघायची का?

३. खरी ठिणगी पडली ती पगारावरून. पार्किंगमधून सायकल गेली आणि कमिटीने त्याचे दोन दिवस कापले. त्याला ते कळलं पगाराच्या दिवशी, एजन्सीच्या सुपरवायझरकडून. चोरीच्या रात्री तो कुठे होता, हे कुणी विचारलंच नव्हतं. (पाण्याचा टँकर आत घेत होता.) जेरल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगार कापला होता. एकीकडे प्रमुखाने दीड तास बसून कारण सांगितलं, खेद व्यक्त केला, प्रश्न ऐकून घेतले. दुसरीकडे पंधरा मिनिटांत उरकलं. कपात सारखीच, पण चोऱ्या दुसरीकडे कितीतरी जास्त झाल्या आणि राजीनामेही तिकडेच जास्त आले.

४. ‘तो एजन्सीचा माणूस, आपला संबंध नाही,’ असं चेअरमन म्हणतात. खासगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून वेगळा कायदा आहे, पण तो वाद तूर्त बाजूला ठेवू. शिव्या मात्र आपण एजन्सीमार्फत देत नाही, थेट देतो.

५. गोड बोलणं म्हणजे पगारवाढ नव्हे. तीही द्यावीच लागेल.

६. यापुढे तक्रार ग्रुपवर टाकू नये. सेक्रेटरींनी वॉचमनला समोर बसवून विचारावं आणि त्याचं म्हणणं तक्रारवहीत लिहावं. त्याआधी एक पैसा कापू नये. पाचवा माणूस सोमवारी येतोय. केबिनमधला पंखा मार्चपासून बंद आहे.