पुरळ आणि पंक्तिभेद

गेल्या वैशाखांत घरीं लग्नकार्य झालें. मागाहून आमच्या नऊ वर्षांच्या नातीच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन पाझरूं लागल्या. ‘उष्णता बाधली’ असा वडील मंडळींचा निर्णय झाला. आठ दिवसांनीं बेंबीखालींहि तसेंच पुरळ दिसतांच हा संसर्गी रोग असावा असें समजून आम्हीं तिचें अंथरूण निराळें केलें व जेवावयास पंक्तीबाहेर पाट मांडविला. पोर मुकाट्यानें बसली. हें लिहितांना संकोच वाटतो. परंतु वाचकांच्या घरीं असें घडूं नये म्हणून लिहितों.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनीं औषधापूर्वीं एकच प्रश्न केला, “या दोन्ही जागांना काय शिवतें?” कानांत लग्नासाठीं घेतलेले खोट्या सोन्याचे डूल, बेंबीपाशीं जीनच्या विजारीचें धातूचें बटण. दोहोंतहि निकेल! जन्मभर मुलांस अन्वय-व्यतिरेक शिकविणाऱ्या आम्हांस ही साधी संगति दिसली नव्हती.

निकेल घामानें अंशतः विरघळून त्वचेंत शिरतें. एखाद्या शरीरानें तें एकदां ‘परकें’ ठरविलें कीं पुढील स्पर्शानंतर बहुधा एक ते तीन दिवसांनीं खाज व लाली उमटते, पाणी सुटतें. या विलंबामुळेंच कारण ध्यानांत येत नाहीं. शंका राहिल्यास संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून परीक्षा करितात; ही रीत याडासोन या जर्मन वैद्यानें १८९५ सालीं मांडिली. ही प्रवृत्ति बहुधा जन्मभर टिकते, म्हणून त्या वस्तूचें वर्जन हाच मुख्य उपाय. युरोपीय संघानें १९९४ सालींच त्वचेस लागून राहणाऱ्या वस्तूंतील निकेलावर कायद्यानें मर्यादा घातली.

अशा त्वचेस बिब्बा मात्र कदापि लावूं नये. त्याचा चीक स्वतःच दाहक आहे. झटपट रंगणारी काळी मेंदीहि मुलांपासून दूर ठेवावी. तींत बहुधा केसांच्या कलपांतील द्रव्य असतें.

खरूज, नायटा हे रोग एकापासून दुसऱ्यास होतात. हा होत नाहीं. भेद डॉक्टरांनीं सांगावा, आपण पाट हलविण्याची घाई करूं नये.

डूल काढले, बटणामागें अस्तर शिवलें, डॉक्टरांचें मलम लाविलें. कांहीं आठवड्यांत त्वचा निवळली. पाट मात्र आम्हीं त्याच दिवशीं आमच्या पाटाशेजारीं मांडविला. बसतांना ती म्हणाली, “आजोबा, आतां मी तुम्हांला शिवलें तर चालेल?”

आम्हीं तिच्या पानावर पहिला घास ठेविला. दुसरें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.