विश्लेषण : आरेतील बुरशी ‘मरणहार’ कशी ठरली?

उन्हाळ्यात अंबरनाथ-बदलापूरजवळच्या मलंगगडाच्या डोंगररांगेत वणवे लागतात. जळलेल्या गवता-झुडपांवर नारिंगी भुकटीसारखी उगवणारी बुरशी म्हणजे न्यूरोस्पोरा. मुंबईच्या आरे परिसरातून गोळा केलेल्या याच बुरशीने पेशींच्या मरणाचे एक कोडे शास्त्रज्ञांपुढे ठेवले.

न्यूरोस्पोराचे महत्त्व काय?

तिचे बीजाणू आगीच्या उष्णतेने जागे होतात. बेकरीतल्या पावावरही ती धरते. याच बुरशीवरील प्रयोगांसाठी बीडल आणि टेटम यांना १९५८ मध्ये नोबेल मिळाले. ताजे खाद्य मिळत राहिले तर ती प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढते.

मग आरेत वेगळे काय आढळले?

आरेतील काही वाण मात्र थोडा काळ वाढून मरत. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉण्ड्रियात सुमारे सात हजार अक्षरांचा एक उपरा डीएनए, म्हणजे प्लाझ्मिड, दडलेला होता. तो मायटोकॉण्ड्रियाच्या मूळ डीएनएत घुसतो, बिघडलेल्या प्रती वाढतात आणि ऊर्जानिर्मिती थांबते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात त्याला नाव मिळाले ‘मरणहार’. हे मरण आईकडून पुढच्या पिढीत जाते.

टी-आरएनएसारख्या रचनेचा संबंध कुठे?

ट्रान्सफर आरएनए (टी-आरएनए) हा पेशीतला हमाल. प्रथिने बांधण्यासाठी लागणारी अमिनो आम्ले तो वाहून नेतो. ओझे अडकवण्याची जागा त्याच्या टोकाच्या ‘सीसीए’ या तीन अक्षरांवर असते. न्यूरोस्पोरातील दुसऱ्या जातीच्या दोन प्लाझ्मिडांनी हेच सोंग घेतले आहे. एक भारतातील ‘वरकुड’ वाणातले, दुसरे अमेरिकेतील मॉरिसव्हिलचे. त्यांच्या आरएनएचे टोक टी-आरएनएसारखे दुमडते आणि आरएनएवरून डीएनए बनवणारे त्यांचे विकर तिथूनच नक्कल सुरू करते.

यातून मरण कसे येते?

कधी कधी हे विकर चुकून खऱ्या टी-आरएनएचीही नक्कल करते आणि तो तुकडा प्लाझ्मिडला चिकटतो. असे बदललेले प्लाझ्मिड बेसुमार वाढते, मूळ डीएनएत शिरते आणि वाढ खुंटते. म्हणजे रस्ता वेगळा, शेवट ‘मरणहार’सारखाच.

माणसाने यातून काय घ्यावे?

ही प्लाझ्मिडे बुरशीतली. माणसाला त्यांचा धोका नाही. पण आपल्याही मायटोकॉण्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. त्यातील ३७ जनुकांपैकी २२ टी-आरएनएची आहेत. त्यांतल्या एका जनुकात ३२४३ व्या जागी एक अक्षर बदलले, तरी मधुमेह व बहिरेपणा किंवा पक्षाघातासारखे झटके येणारा ‘मेलास’ हा आजार होऊ शकतो. म्हणूनच अशा रुग्णाच्या तपासणीत आईकडच्या नातेवाइकांचा इतिहास विचारणे महत्त्वाचे ठरते.

ऊर्जा थांबली की पेशी कशी मरते, हे समजायला आरेतल्या एका बुरशीने मदत केली. शहराशेजारचे रान जपण्याचे हेही एक कारण आहे.